एसक्यूईत नापास झालेल्या ट्रेनीबाबत फर्म काय ठरवते?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी लिहितो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही मूळच्या साताऱ्याच्या. पुण्यात बीए एलएलबी, मग लंडनमध्ये एलएलएम, आणि गेल्या सप्टेंबरपासून ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर इथे काम करू देणारा व्हिसा) एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटरांच्या हाताखालची सहायक. त्याच फर्मने येत्या सप्टेंबरपासून ट्रेनी सॉलिसिटर म्हणून घेण्याचे पत्र दिले आहे आणि कोर्सची फीही भरली आहे. जानेवारीत एसक्यूई १ ला, म्हणजे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (वकील) होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेच्या दोनपैकी पहिल्या टप्प्याला, बसलात. त्या टप्प्याच्या दोन भागांपैकी पहिला भाग सुटला, दुसरा राहिला. फर्मला अजून कळवलेले नाही. आता तुम्ही विचारता की फर्म काढून टाकेल का, भरलेले पैसे परत मागेल का, आणि हे सगळे सोडून भारतात परतावे का.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे सॉलिसिटर म्हणून काम करतो आहे. ट्रेनींच्या निवडीत आणि असे निकाल लागल्यावर होणाऱ्या चर्चांत बसलो आहे. त्यावरून सांगतो: तुमच्यासारख्या परिस्थितीत फर्म बहुधा काढून टाकत नाही, तारीख पुढे ढकलते. पण ‘बहुधा’वर विसंबून राहू नका. तुमच्या बाबतीत काय होईल ते ऑफरच्या पत्रातल्या दोन-तीन ओळींवर आणि येत्या काही दिवसांत तुम्ही काय करता यावर अवलंबून आहे. घाबरून राजीनामा मात्र देऊ नका. आपणहून सोडलेल्या माणसासाठी फर्मला काहीच ठरवावे लागत नाही.

तुमचे वडील म्हणतात, ‘एक पेपर राहिला तर काय बिघडलं, पुढच्या वेळी सुटेल.’ आपल्याकडच्या अनुभवातून ते बरोबरच बोलत आहेत. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये एखादा ग्रुप राहिला म्हणून कुणी मुलाला घरी पाठवत नाही. वकिलीच्या ऑल इंडिया बार परीक्षेत तर शंभर प्रश्न, मूळ कायद्याचे पुस्तक समोर ठेवायची मुभा, खुल्या गटासाठी ४५ टक्क्यांची अट आणि कितीही वेळा बसण्याची सोय. मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, पण ती देणाऱ्या आर्टिकल्ड क्लार्कच्या हातात बार कौन्सिलची सनद असू शकते. परीक्षा राहिली तरी तो वकील म्हणून कोर्टात उभा राहू शकतो आणि त्याच्या फर्मचे काम अडत नाही. इंग्लंडमध्ये ती दुसरी सनद नाही. एसक्यूईचे दोन्ही टप्पे पार केल्याशिवाय नाव सॉलिसिटरांच्या यादीत चढत नाही, आणि बसायला संधी तीनच, त्याही सहा वर्षांच्या आत. तीनही गेल्या तर सहा वर्षे पुरी होईपर्यंत थांबावे लागते. म्हणून इथे नापास होण्याला वजन जास्त आहे. वडिलांना हा फरक समजावून सांगा. नाहीतर फर्म फारच कठोर वागते आहे किंवा तुम्ही उगाच रडता आहात, या दोनपैकी एक गैरसमज घरात होणारच.

आता फर्मच्या बाजूने विचार करू. बाहेरच्या माणसाला वाटते की फर्म ‘हिला कायदा येतो का’ हे तोलते आहे. बैठकीत खरे तर बराच वेळ कॅलेंडर उघडे असते. ठरलेली घडी अशी असते: जानेवारीत एसक्यूई १, मार्चमध्ये निकाल, एप्रिलमध्ये एसक्यूई २, ऑगस्टमध्ये त्याचा निकाल आणि सप्टेंबरमध्ये ट्रेनी म्हणून रुजू. यातली पहिली कडी निसटली की एप्रिल हातचा जातो, कारण एसक्यूई १ सुटल्याशिवाय २ ला बसताच येत नाही. मग जुलैमध्ये पुन्हा एसक्यूई १, सप्टेंबरात निकाल, ऑक्टोबरात एसक्यूई २ आणि त्याचा निकाल पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. म्हणजे एका भागातल्या नापाशीने सबंध वर्षाची घडी विस्कटते. फर्मने त्या सप्टेंबरसाठी कोणत्या विभागात किती ट्रेनी बसवायचे, कोण कुणाच्या हाताखाली, हे आधीच ठरवलेले असते. एक खुर्ची रिकामी राहणार की त्या खुर्चीवर परीक्षा बाकी असलेला माणूस बसवायचा, हा तिथला खरा प्रश्न.

यात एक अन्याय दडलेला आहे. ‘पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण’ ही अट बऱ्याच फर्मच्या पत्रांत एसक्यूईच्या आधीपासून आहे. तेव्हा एलपीसी नावाचा अभ्यासक्रम होता. ज्या कॉलेजात शिकायचे, परीक्षाही तेच कॉलेज घेई. एखादा विषय राहिला तर तेवढाच पुन्हा देता येई आणि बऱ्याचदा सप्टेंबरची तारीख सांभाळता येई. सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई आली. सगळ्यांना एकच केंद्रीय परीक्षा, ती घेणारी संस्था कापलान, आणि एसक्यूई १ वर्षातून फक्त दोनदा. नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्याच परीक्षेत ५३ टक्के उत्तीर्ण झाले. जुलै २०२४ मध्ये ४४ टक्के आणि जुलै २०२५ मध्ये ४१ टक्के. म्हणजे जिथे निम्मे लोक राहतात अशा परीक्षेला जुन्या, वेगळ्या परीक्षेसाठी लिहिलेली अट तशीच लावली गेली. काही फर्मनी ती बदलली, काहींनी कागदावर ठेवून व्यवहारात सैल केली, काही अजून शब्दशः पाळतात. माझे स्पष्ट मत आहे की एका प्रयत्नावर माणसाचा सोक्षमोक्ष लावणे चूक आहे, आणि हे मत मी फर्मच्या बैठकीतही मांडत आलो आहे.

जानेवारी २०२४ मध्ये जे घडले ते आठवा. मार्चमध्ये निकाल लागले, फर्मनी आपापले निर्णय घेतले, आणि एप्रिलमध्ये जाहीर झाले की गुणांचे पूर्णांकन चुकीच्या टप्प्यावर झाल्यामुळे १७५ जणांना ते उत्तीर्ण असताना नापास ठरवले गेले होते. त्यांतल्या काहींच्या नोकरीच्या ऑफर तोवर गेल्याही होत्या. परीक्षा घेणाऱ्यांनी दिलगिरी म्हणून प्रत्येकी २५० पौंड देऊ केले. ज्यांनी निकालाच्या आठवड्यातच ऑफर काढून घेतली त्या फर्मना नंतर ती मुले शोधून परत बोलवावी लागली असतील, तर त्यात फर्मचीही शोभा नव्हती. त्या घटनेनंतर अनेक ठिकाणी ‘निकाल आला की ताबडतोब पत्र’ या पद्धतीवर फेरविचार झाला, एवढे मी जवळून पाहिले आहे. तुमचा निकाल तसाच चुकला असेल या आशेवर बसू नका. पण बैठकीत कुणी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणाले, तर हे उदाहरण त्यांच्याही आठवणीत असते.

फर्म-फर्ममध्ये फरक मोठा आहे. लंडन सिटीतल्या बड्या फर्म एका वेळी डझनावारी ट्रेनी घेतात, कोर्सची फी भरतात, वर राहण्याखाण्यासाठी वीस हजार पौंडांच्या आसपास रक्कम देतात. तिथे अट सर्वांत कडक आणि निर्णय सर्वांत निर्विकार. एकाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, हे त्यांचे ठरलेले उत्तर. तरीही एक भाग राहिला असेल तर एक फेरसंधी आणि एक वर्ष पुढे, हे तिथेही घडते. लीड्स, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर इथल्या आणि लंडनमधल्या मध्यम फर्म तुम्हाला नावाने ओळखतात. तुमच्या विभागातल्या पार्टनरचा शब्द तिथे चालतो. आणि हाय स्ट्रीटवरच्या छोट्या फर्म, म्हणजे घरखरेदी, कौटुंबिक, फौजदारी, इमिग्रेशन करणाऱ्या, त्या सहसा काढत नाहीत. पॅरालीगल म्हणून काम चालू ठेवा, परीक्षा तुमच्या खर्चाने द्या, म्हणतात. ऐकायला हे सर्वांत माणुसकीचे वाटते, पण तिथलाही एक धोका सांगून ठेवतो. अशा ठिकाणी फायलींचा ढीग कमी होत नाही, अभ्यासाची रजा कुणी देत नाही, आणि ‘पुढच्या जानेवारीत बसू’ करत तीन-चार वर्षे सरतात. पगार पॅरालीगलचा, काम जवळजवळ सॉलिसिटरचे. फर्मला त्यात तोटा नसतो म्हणून कुणी घाईही करत नाही.

तुमची फर्म मधल्या गटातली. आता पत्र काढा आणि नीट वाचा. साधारण मजकूर असा असतो: ‘ट्रेनी म्हणून तुमची नेमणूक एसक्यूई १ व एसक्यूई २ पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होण्याच्या अटीवर आहे. ही अट पूर्ण न झाल्यास ऑफर मागे घेण्याचा अधिकार फर्म राखून ठेवत आहे.’ दोन वाक्ये, पण दोघांचे काम वेगळे. पहिल्यात अट आहे. दुसऱ्यात ऑफर आपोआप रद्द होईल असे म्हटलेले नाही, रद्द करण्याचा अधिकार आहे इतकेच म्हटले आहे. अधिकार राखून ठेवला म्हणजे तो वापरायचा की नाही हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवायला हवे. करारातला असा स्वेच्छाधिकार मनमानीने वापरता येत नाही, तो प्रामाणिकपणे आणि तर्काला धरून वापरावा लागतो, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ब्रागान्झा खटल्यात सांगितले आहे. हे मी तुम्ही फर्मवर दावा लावावा म्हणून सांगत नाही. ज्या फर्ममध्ये करिअर घडवायचे तिला पहिल्याच आठवड्यात खटल्यांची नावे ऐकवू नयेत. पण पत्रात ‘आपोआप रद्द होईल’ आहे की ‘रद्द करता येईल’ आहे, हे तुम्हाला माहीत असले की तुम्ही विनंती करता आहात की फर्मला तिचा स्वतःचा कागद आठवून देता आहात, याचे भान राहते.

आणखी दोन शब्द शोधा. ‘पहिला प्रयत्न’ म्हणजे सबंध एसक्यूई १ चा की प्रत्येक भागाचा, हे लिहिले आहे का? तुमचा पहिला भाग पहिल्याच प्रयत्नात सुटला आहे आणि तो पुन्हा द्यावा लागत नाही, त्यामुळे हा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा. आणि ‘अमुक तारखेपूर्वी उत्तीर्ण’ अशी तारीख आहे का? तारीख असेल तर कॅलेंडरचा तो हिशेब मांडून बोलावे लागेल. पत्रासोबत ट्रेनींची नियमपुस्तिका किंवा फर्मचे फेरपरीक्षेचे धोरण आले असेल तर तेही काढा. बरेचजण ते कधी उघडतच नाहीत आणि त्यातच ‘एक फेरसंधी’ लिहिलेली असते.

कळवायचे आज किंवा उद्या. यात वेळ काढू नका. निकाल कधी लागणार हे फर्मला माहीत असते, आणि गप्प राहिलात तर पहिली शंका परीक्षेची न राहता प्रामाणिकपणाची होते. सॉलिसिटरच्या पेशात ती शंका फार महाग पडते. नापास झालेली माणसे या व्यवसायात भरपूर आहेत, पार्टनरही झालेली आहेत. निकाल लपवला म्हणून वाट बंद झालेल्यांना मात्र परत यायला जागा राहत नाही.

कुणाला कळवायचे? ऑफरवर सही असलेल्या भरतीच्या टीमला मेल, पण त्याआधी तुमच्या विभागातल्या पार्टनरला प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर सांगा. त्यांना ते दुसऱ्याकडून कळता कामा नये. मेल छोटा ठेवा. निकाल काय लागला: पहिला भाग उत्तीर्ण, दुसरा अनुत्तीर्ण, गुण अमुक. जुलैच्या परीक्षेला फक्त दुसऱ्या भागासाठी बसण्याची तयारी आहे. काय राहिले ते निकालपत्रावरून पाहिले आहे आणि अभ्यासाचा आराखडा सोबत जोडला आहे. या आठवड्यात बोलायला वेळ मिळेल का? बस्स. माफीची लांब पत्रे लिहू नका. प्रकृती, घरची अडचण, मजल्यावरचा गोंगाट असे सगळे एकाच परिच्छेदात ओतू नका. आजारपण किंवा परीक्षाकेंद्रातला गोंधळ खरोखर झाला असेल तर त्याची वाट वेगळी आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

त्या जोडलेल्या आराखड्यात जीव ओता, कारण बैठकीत पाहण्यासारखी वस्तू तीच असते. तुमच्या दुसऱ्या भागात मालमत्तेचे व्यवहार, भूमीकायदा, मृत्युपत्रे आणि वारसाव्यवस्था, ट्रस्ट, सॉलिसिटरचे हिशेब आणि फौजदारी कायदा व प्रक्रिया आहे. निकालपत्रात विषयवार कामगिरी दिलेली असते. भारतात शिकून आलेल्यांची अडचण मी बहुतेक वेळा दोन ठिकाणी पाहतो: भूमीकायदा आणि हिशेब. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार डोळ्यासमोर असतात. इथे २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन ॲक्टने चालणारी नोंदणी, त्यात नोंदवलेले आणि न नोंदवताही बांधून टाकणारे हक्क, हे मुळातून वेगळे आहे आणि पाठ करून भागत नाही. हिशेबाच्या प्रश्नांत अशिलाचे पैसे आणि फर्मचे पैसे कोणत्या क्षणी कोणत्या खात्यात असायला हवेत एवढेच विचारतात, पण उत्तर वेगाने यावे लागते. एका भागात १८० प्रश्न, ९०-९० च्या दोन सत्रांत, प्रत्येक सत्र दोन तास तेहेतीस मिनिटांचे. भागाकार केला तर प्रश्नामागे १०२ सेकंद. पाच पर्याय, त्यांत दोन बरोबर वाटणारे, आणि पुस्तक जवळ नाही. म्हणून आराखड्यात ‘रोज तीन तास वाचन’ लिहू नका. आठवड्याला किती प्रश्न घड्याळ लावून सोडवणार, चुकलेले कसे परत करणार आणि मे महिन्याच्या अखेरीस पूर्ण सराव परीक्षा कधी देणार, ते लिहा.

त्यातच अभ्यासाची रजा मागा. पूर्णवेळ काम करत, संध्याकाळी सातनंतर अभ्यास करून जुलैला बसणे हा मार्ग मला मान्य नाही. पुन्हा बसणाऱ्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण पहिल्यांदा बसणाऱ्यांपेक्षा बरेच कमी असते, आणि त्याचे एक मोठे कारण, माझ्या मते, हेच की पहिल्या वेळी कोर्स आणि मोकळा वेळ असतो, दुसऱ्या वेळी नोकरी असते. परीक्षेआधीचे तीन-चार आठवडे रजा, बिनपगारी चालेल, असे स्पष्ट मागा. फर्मचाही त्यात स्वार्थ आहे. फी भरलेला माणूस दुसऱ्यांदाही राहिला तर तिचा खर्च वाया जातो.

पैशांचे. एका भागाला पुन्हा बसायची फी सुमारे हजार पौंड आहे, आणि ती बहुतेक फर्म ट्रेनीलाच भरायला सांगतात. ते गृहीत धरून चला. कोर्सची फी परत मागण्याचे कलम वेगळे असते. बहुधा ते ‘नोकरी सोडल्यास’ किंवा ‘ऑफर मागे घेतल्यास’ लागू होते, नुसत्या नापास होण्याने नाही. तुमच्या पत्रात नेमके काय आहे ते पाहा. ऑफर मागे घेतली गेली आणि वसुलीची भाषा सुरू झाली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पगारातून पैसे कापायचे असतील तर तुमची आधीची लेखी संमती लागते, आणि कापून उरलेली रक्कम किमान वेतनाच्या नियमात बसते की नाही हेही फर्मला पाहावे लागते. दुसरे, फर्मच स्वतःहून ऑफर मागे घेते आणि वर पूर्ण फी मागते, अशा ठिकाणी बोलणी करायला भरपूर वाव असतो. मी पाहिलेल्या प्रकरणांत फर्मनी एकतर रक्कम सोडून दिली किंवा हप्ते लावून दिले. नाव खराब होण्याची भीती त्यांनाही असते, विशेषतः विद्यापीठांत.

आजारपणाची वाट: परीक्षेच्या दिवशी किंवा लगेच आधी काही गंभीर घडले असेल तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे अर्ज करता येतो. त्याने नापासाचे पास होत नाही, पण तो प्रयत्न तीनच्या मोजणीतून वगळला जाऊ शकतो. त्याची मुदत फार थोडी असते, म्हणून आजच तपासा. आणि वाचनाचा वेग, एकाग्रता यांत तुम्हाला आयुष्यभर अडचण जाणवत आली असेल, तर ती तपासून घ्या. डिस्लेक्सियासारखे निदान आपल्याकडच्या अनेक हुशार मुलांचे शाळेत कधी होतच नाही, कारण मार्क चांगले पडत राहतात. निदान झाले तर परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, आणि फर्मलाही २०१० च्या समानता कायद्याखाली तुमच्याशी वेगळ्या जबाबदारीने वागावे लागते. त्या कायद्याच्या संरक्षणासाठी नोकरीची ठरावीक वर्षे पुरी व्हावी लागत नाहीत. एसक्यूईत गोऱ्या आणि इतर वंशांच्या उमेदवारांच्या निकालांत तफावत आहे, ही गोष्ट सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी ही सॉलिसिटरांची नियामक संस्थाही मान्य करते. कायद्याच्या परीक्षांत अशी तफावत का पडते याचा अभ्यास तिने एक्सेटर विद्यापीठाकडून करवून घेतला. तुम्ही एकट्या कमी पडलात असे मनाला लावून घेऊ नका.

व्हिसाचा भाग तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकला आहे, पण मला सर्वांत काळजी त्याचीच वाटते. ग्रॅज्युएट व्हिसा वाढवून मिळत नाही. सप्टेंबरमध्ये ट्रेनी झालात की फर्म स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सर करणार, असा बेत असणार. तारीख एक वर्ष पुढे गेली तर मधल्या काळात तुमचा ग्रॅज्युएट व्हिसा संपतो का, हे पासपोर्ट काढून आजच पाहा. संपत असेल तर पहिल्याच भेटीत फर्मला सांगा. स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावे लागते, रुजू व्हायची तारीख हलली तर फर्मलाही गृहखात्याला कळवावे लागते, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून चालत नाही. पॅरालीगलच्या पदावर स्पॉन्सरशिप मिळेल असे धरून चालू नका. जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड आहे. ट्रेनीसारख्या, व्यावसायिक पात्रतेसाठी शिकणाऱ्यांना ३३,४०० ची सवलतीची मर्यादा मिळू शकते, पण त्यासाठी पद ट्रेनीचेच हवे. म्हणून तुमच्यासारख्या उमेदवाराने एक पर्याय मांडावा: सप्टेंबरला ट्रेनी म्हणून रुजू करून घ्या आणि परीक्षा नोकरीत असतानाच पूर्ण करू द्या. नियामकाची याला हरकत नाही. कामाचा अनुभव आणि परीक्षा यांचा क्रम एसक्यूईच्या पद्धतीत ठरलेला नाही. अडचण असते ती फर्मच्या सवयीची, आणि व्हिसाचे कारण ठोस असेल तर सवय मोडलेली मी पाहिली आहे.

अनुभवाचेही लगेच मार्गी लावा. पात्रतेसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो, आणि पॅरालीगल म्हणून केलेले तुमचे महिने त्यात धरता येतात. ते प्रमाणित करणारा सॉलिसिटर तुम्ही हुशार आहात किंवा परीक्षा पास झालात असे लिहून देत नसतो. इतके महिने काम केले, कौशल्ये मिळवण्याची संधी मिळाली आणि चारित्र्याबद्दल काही आक्षेप नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. त्यामुळे ‘आधी परीक्षा सुटू दे, मग सही करू’ असे कुणी म्हटले तर ते बरोबर नाही, आणि तसे सौम्यपणे पण ठामपणे सांगा. कोणत्या फायलीवर काय काम केले याची टिपणे अशिलाचे नाव न घेता आठवड्याला लिहीत जा. सही मागायच्या दिवशी तीच कामी येतात.

राहिला शेवटचा प्रश्न, परत जावे का. ऑफर राहिली तर हा प्रश्नच उरत नाही. ऑफर गेली आणि व्हिसाही संपत आला, तरी परतणे म्हणजे हा मार्ग सोडणे नव्हे. एसक्यूई १ भारतातल्या परीक्षाकेंद्रांतही देता येते. एसक्यूई २ च्या तोंडी भागासाठी मात्र इकडे यावे लागते. कामाचा अनुभव भारतात घेतलेलाही चालतो, फक्त तो प्रमाणित करणारा इंग्लंड-वेल्सचा सॉलिसिटर हवा, आणि मुंबईत असे लोक काम करतात. दरम्यान महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलमध्ये नोंदणी करून, ऑल इंडिया बार परीक्षा देऊन तुम्ही वकिली सुरू करू शकता. भारतातली पात्र वकील म्हणून एसक्यूईकडे आलात तर दोन वर्षांच्या अनुभवाची अटच लागत नाही, उरतात त्या परीक्षा. पहिला भाग तुमच्या खात्यात जमा आहेच. सहा वर्षांची मुदत तुम्ही पहिल्यांदा बसलात तेव्हापासून मोजली जाते, ती तारीख लिहून ठेवा. आणि जुलैची नोंदणी परीक्षेच्या बऱ्याच आधी बंद होते. फर्मचे उत्तर येण्याची वाट पाहत ती चुकवू नका, जागा आधी धरा आणि मग भेटीला जा.